मार्गिटच्या दारात ११७ वेळा

पत्र, थोडक्यात: जुळे सोलापुरात राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा प्लेस्टेशन ४ घरीच राहिला. ताई शेजारणीला सोबत घेऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेतात. पहाटेपासून हाताला उसंत नसते, पण दुपारी २ ते ४ घरात कोणी नसतं. त्या वेळेत त्यांनी 'एल्डन रिंग' हा गेम सुरू केला. आधी नुसत्या घोड्यावरून हिंडायच्या. मग स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, आडवा आला आणि गेले पाच आठवडे त्या तिथेच अडकल्या आहेत. ऑर्डरीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक मरणाची एक रेघ ओढतात. पत्र लिहिलं त्या दिवशी ११७ रेघा झाल्या होत्या. मिळालेली प्रत्येक लेव्हल त्यांनी स्ट्रेंथमध्ये, म्हणजे ताकदीत, घातली आहे. मुलगा फोनवर सांगतो, "आई, लांडगे बोलाव ना." गेममध्ये मदतीला लांडगे बोलावता येतात, पण त्यांना ती चोरी वाटते. पूर्वी मुलाचा फोन दोन मिनिटांत संपायचा, आता मार्गिटवर अर्धा अर्धा तास बोलणं होतं. यजमान म्हणतात, "या वयात हे काय?" एकदा लढाईच्या नादात ऑर्डरीला उशीर झाला, गिऱ्हाईक बोललं, आणि तो राग त्यांनी यजमानांवर काढला. दारावरची बेल वाजली की त्या टीव्ही बंद करतात. त्या विचारतात: माझी बोटं आता चालत नाहीत का? ११७ वेळा हरल्यावर तरी थांबावं का? आणि दिवाळीला मुलगा येण्याआधी एकटीनं जिंकायचं असेल तर काय करू?

ताई,

पत्र वाचलं आणि आधी वहीचं ते मागचं पान डोळ्यांपुढे आलं. पुढच्या पानांवर कुणाच्या किती भाकरी, कुणाची चटणी किती किलो, आणि मागे ११७ रेघा. तुम्ही त्या रेघांना हार म्हणता. मला तो हिशोब वाटतो, फक्त अर्धवट ठेवलेला. त्याच्याकडे मी पुढे येतेच. आधी बोटांचं बघू, कारण तुमच्या पत्रातली सगळी निराशा तिथून निघालेली दिसते.

समोर काही दिसलं की हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. वयानं त्यात थोडी भर पडते, पण ती अगदी थोडी. मार्गिट काठी उचलतो, डोक्यावर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. त्याच्या मोठ्या फटक्यांत हा वेळ सेकंदाहून जास्त असतो. म्हणजे तुमच्या हाताला लागतो त्याच्या चौपट वेळ तो तुम्हाला देतोय. मग फटका बसतो कसा?

याचं उत्तर मला माझ्या भाच्यानं दिलं. २०२३ च्या उन्हाळ्यात तो सुट्टीला आला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखा पाचवर, आणि मी याच मार्गिटसमोर बसले होते. काठी वर गेली की ती चुकवायला मी लोळण घ्यायचे. लोळण संपायची, मी उठून उभी राहायचे आणि नेमकी तेव्हा काठी डोक्यात बसायची. दर वेळी वाटायचं, मला उशीर झाला. भाचा कलिंगड खात शेजारी बसला होता. चार-पाच वेळा बघितल्यावर म्हणाला, "मावशी, तो अजून मारतच नाहीये. तू कशाला पळतेस?"

ताई, मला उशीर होत नव्हता, मी लवकर पळत होते. तुमचंही तेच होतंय अशी मला दाट शंका आहे, कारण तुम्ही लिहिलंय की "मी लगेच बटण दाबते तरी मरते". त्या वाक्यातला 'लगेच' हाच घोटाळा आहे. हा बॉस घाबरलेल्या माणसाला पकडण्यासाठीच घडवलाय. काठी वर जाऊन थांबते ती तुमची भीती आधी सुटावी म्हणून. तेव्हा काठी वर गेल्यावर लोळायचं नाही, काठी खाली यायला लागल्यावर लोळायचं.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी लावलं की तुम्ही घड्याळ बघत नाही. पाणी सुकत आलेलं डोळ्यांना दिसतं आणि हात आपोआप उलथन्याकडे जातो. नवशिकी मुलगी धीर सोडते, ओलीच उलटते आणि भाकरी तुटते. तिचे हात मंद नसतात, तिला फक्त पाण्याकडे बघत राहणं सहन होत नाही. तुम्ही रोज शेकडो वेळा जे बघता तेच बघणं इथे हवंय.

आता बटणाची एक गोष्ट, जी गेम कुठेही नीट सांगत नाही. गोल बटण दाबलं की माणूस लगेच लोळत नाही, बोट उचललं की लोळतो. कारण तेच बटण दाबून धरलं तर तो पळतो, म्हणून गेम बोट उचलायची वाट बघतो. भीतीनं बटण जोरात रुतवून धरलं तर लोळण तेवढीच उशिरा निघते. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. दुसरं, घाबरून दोनदा दाबलं तर दुसरं दाबणं गेम लक्षात ठेवतो आणि पहिली लोळण संपताच दुसरी सुरू करतो. मग तुम्ही नको तिथे, नको तेव्हा लोळत असता आणि हातात काहीच राहत नाही. एकच टिचकी. लोळणीच्या सुरुवातीचा जवळपास अर्धा सेकंद कोणताच फटका लागत नाही, काठी तुमच्या अंगातून आरपार गेल्यासारखी दिसते. म्हणून मागे पळण्यापेक्षा त्याच्या अंगावर, काठीच्या आत लोळलेलं बरं. मागे लोळलात तर लांब काठीचं टोक गाठतंच.

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो आजच लावा. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात बरेचसे टीव्ही ते थोडं उशिरा दाखवतात. सिरियल बघताना ते जाणवत नाही, मार्गिटसमोर जाणवतं. इतके दिवस आपण ज्याला वय म्हणतोय त्यातला काही भाग टीव्हीचा निघाला, असं होऊ शकतं.

वहीकडे येते. ११७ रेघांवरून मला एवढंच कळतं की तुम्ही ११७ वेळा गेलात. कशानं गेलात ते कळत नाही, आणि तेच कळायला हवं. नवीन पान घ्या आणि रकाने पाडा: काठी, सुरी, हातोडा, उडी, कडा, हाव. सुरी म्हणजे तो फेकतो ती सोनेरी चकाकणारी. हातोडा तो लढाईच्या मध्यावर काढतो. कडा म्हणजे पुलावरून खाली पडलात ते. हाव म्हणजे एक फटका मारायची संधी होती तिथे तीन मारायला गेलात ते. यापुढची रेघ त्या त्या रकान्यात ओढायची. पंधरा-वीस रेघांतच दिसेल की सगळी मरणं रकान्यांत सारखी विभागलेली नसून बहुतेक एक-दोन रकान्यांत गर्दी आहे. मग 'मला मार्गिट जमत नाही' हे वाक्य आपोआप बदलतं आणि 'मला त्याची थांबवलेली काठी जमत नाही' असं होतं. एवढ्याशा गोष्टीचा सराव करता येतो.

सुरीच्या रकान्यात रेघा जास्त पडल्या तर एक लक्षात ठेवा. तुम्ही लांब जाऊन फ्लास्क, म्हणजे रक्त भरून देणारी बाटली, तोंडाला लावला की तो बहुतेकदा सुरी फेकतोच. लांब म्हणजे सुरक्षित, ही आपली समजूत इथे उलटी पडते. त्याचे चार-पाच फटक्यांचे सलग वार संपले की तो क्षणभर सैल पडतो. प्यायचं तेव्हा, त्याच्या जवळ असलात तरी.

आता थोडं वेगळं विचारते. पाच आठवडे तुम्ही त्याच दारात का उभ्या आहात? तुम्ही लिहिता, "पुढे जायचा रस्ता तोच आहे." ग्रेसमधून, म्हणजे बसून विसावा घ्यायच्या जागेतून, निघणारा सोनेरी किरण किल्ल्याकडे बोट दाखवतो हे खरं. पण ती फक्त दिशा आहे, आजच गेलं पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. मार्गिट तिथे उभा आहे तो बहुतेकांना परत पाठवण्यासाठी. हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि जून २०२४ पर्यंत त्याच्या अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. किरणाच्या मागे गेलेल्या बहुतेकांना पहिला खरा धक्का या पुलावरच बसतो. किल्ल्याच्या बाजूनं एक पायवाट आहे, तिथून मार्गिटला आणि आख्ख्या किल्ल्याला वळसा घालून पुढच्या प्रदेशात जाता येतं, हेही तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. लगेच जाऊ नका, पुढचे शत्रू आणखी चिवट आहेत. पण दार एकच आहे हा समज तेवढा सोडा.

माझं ऐकाल तर दोन आठवडे मार्गिटचं नाव काढू नका. घोडा घ्या आणि दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा. तिथे तीन पडकी चर्चेस आहेत, प्रत्येकात एक सेक्रेड टिअर मिळतो आणि त्यानं फ्लास्कचा एकेक घोट जास्त रक्त भरून देतो. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या थर्ड चर्च ऑफ मारिकात आणखी एक आहे. किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर सोन्यासारखं चमकणारं रोपटं दिसलं असेल, त्याच्या बुंध्याशी गोल्डन सीड असतो. त्यानं फ्लास्कची संख्या वाढते. लिमग्रेव्ह टनेल्स नावाच्या खाणीत हत्यार सुधारायचे स्मिदिंग स्टोन्स मिळतात आणि अगदी सुरुवातीच्या चर्च ऑफ एलेहमधल्या ऐरणीवर तलवार +३ पर्यंत नेता येते. तलवार जुनीच आणि स्ट्रेंथ मात्र वाढवलेली, हे सुरुवातीला बरेच जण करतात, मीही केलं. खेळाच्या या टप्प्यावर स्ट्रेंथच्या चार-पाच अंकांपेक्षा तलवारीचे +३ जास्त कामाला येतात.

आणि व्हिगर, म्हणजे रक्ताची पट्टी वाढवणारा आकडा. ताई, इथून पुढच्या काही लेव्हल डोळे मिटून व्हिगरमध्ये घाला, २० ते २५ पर्यंत तरी न्या. व्हिगर वाढवणं म्हणजे भित्रेपणा, ताकद वाढवणं म्हणजे शौर्य, असं काहीसं तुमच्या पत्रात डोकावतं. मला ते पटत नाही. आत्ता तुम्ही दोन-तीन फटक्यांत मरता, म्हणजे त्याची पुढची चाल बघायच्या आत तुमचा धडा संपतो. आणखी दोन फटके सोसता आले तर आणखी अर्धा मिनिट त्याच्यासमोर उभं राहून शिकता येईल. तुम्हाला कमी पडतोय तो हा वेळ.

कपड्यांचंही बघून घ्या. मोठी तलवार, जाड ढाल, जाड चिलखत हे सगळं मिळून वजन मर्यादेच्या ७० टक्क्यांवर गेलं तर माणूस धपकन जड लोळतो आणि उशिरा उठतो. मेनूमध्ये 'इक्विप लोड' दिसतो. गरज पडली तर हेल्मेट काढा, शोभेकडे बघू नका. ढाल मात्र ठेवा. फटका ढालीवर घेऊन लगेच आर२ बटण दाबलं तर जोरदार उलटा वार बसतो. ज्यांना लोळण जमत नाही त्यांच्यासाठी ही फार चांगली वाट आहे.

आता लांडगे.

तुम्हाला ती चोरी वाटते. ही चोरी कुणाची? लांडग्यांना बोलवायची राख गेममध्ये ठेवली ती गेम बनवणाऱ्यांनीच. चर्च ऑफ एलेहमध्ये रात्री येणारी रेना नावाची बाई बोलवायची घंटा आणि राख स्वतःच्या हातानं देते. ती भेट चुकली असेल तर राउंडटेबल होल्ड या गेममधल्या मुक्कामातल्या जुळ्या म्हाताऱ्यांकडे विकत मिळते. मार्गिटच्या धुक्याच्या दाराबाहेर, म्हणजे ज्यातून शिरलं की लढाई सुरू होते त्या दाराबाहेर, जमिनीवर एक सोनेरी खूण उमटते, ती रॉजियर नावाच्या जादूगाराची, तोही सोबत यायला तयार असतो. मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस ५,००० रून्सना (हे गेममधलं चलन, मेलात की हातातलं सांडतं) मार्गिटची बेडी विकतो, ती वापरली की लढाईच्या पहिल्या टप्प्यात तो काही क्षण जमिनीला जखडला जातो. पॅचेस आधी तुमच्यावर धावून येईल, पण शरण आला की त्याला सोडून द्या, मेला तर दुकान बंद होतं. ही सगळी मदत त्या दाराच्या आसपासच ठेवलेली आहे. या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी २०२४ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की ते स्वतः खेळात फारसे तरबेज नाहीत आणि गेम देईल ती प्रत्येक मदत घेऊन खेळतात. ज्यानं दार बांधलं तोच हात धरून आत जातो.

२०२२ मधली एक गोष्ट मला फार आवडते. याच गेममध्ये पुढे मलेनिया नावाची बॉस आहे, तिचा वार लागला की तिचंच रक्त भरतं, आणि भले भले तिच्यापुढे रडकुंडीला येतात. तेव्हा एका खेळाडूनं तिच्या दाराबाहेर आपली खूण ठेवायला सुरुवात केली. डोक्यावर मडकं, अंगावर लंगोटीखेरीज काही नाही, हातात दोन तलवारी, आणि खेळातलं नाव 'लेट मी सोलो हर', म्हणजे हिला मी एकटा बघतो. अनोळखी माणसं त्याला बोलवायची, तो यायचा, त्यांच्यासाठी लढायचा आणि निघून जायचा. शेकडो लोकांना त्यानं असं दार ओलांडून दिलं. त्या लोकांनी चोरी केली असं जगात कुणाला वाटलं नाही. लोकांना तो माणूस आवडला.

आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस तो उंच, जड ध्वज तोलत चालतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असतं. पण आधीचे कित्येक दिवस चाललेला सराव आपण बघितलेला असतो. एकाचा तोल जायला लागला की आजूबाजूचे हात पुढे होतात, थकला की दुसरा खांदा देतो. संक्रांतीला ध्वज पेलणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू एकट्यानं शिकलास का.

तरीही एकटीनंच जिंकायचं असेल तर जिंका. तो आनंद खोटा नाही, मी तो घेतलेला आहे. फक्त तो तुमच्या आवडीचा भाग असू द्या, नियम म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. आणि एक मधला मार्ग सुचवते, जो मला स्वतःला फार उपयोगी पडला. लांडगे बोलवा आणि तुम्ही लढूच नका. त्यांना मार्गिटशी झुंजू द्या, तुम्ही चार पावलं मागे उभ्या राहून नुसतं बघा. काठी किती वेळ थांबते, सुरी कधी निघते, वार संपल्यावर तो किती वेळ सैल असतो. आपल्या अंगावर येत नसलेला मार्गिट पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्याच्या हालचालीतली लय दिसली. तोवर मला फक्त काठी दिसत होती. राख वापरली की निळी पट्टी खर्च होते, ती परत भरायला निळा फ्लास्क असतो, तो तुम्ही सगळा लाल करून टाकला असेल तर ग्रेसवर बसून वाटणी बदलता येते.

घरातल्या गोष्टीकडे येते, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे. ऑर्डरीला उशीर झाला त्या दिवशी दोष मार्गिटचा नव्हता आणि यजमानांचा तर नव्हताच. 'अजून एकदा, आता झालंच' या वाक्यानं ते घडलं. मी त्या वाक्याला फसून एकदा कंट्रोलर सोफ्यावर आपटलेला आहे. भाचा कलिंगडाची फोड हातात धरून गप्प बसून राहिला, आणि मला पुढचे दोन दिवस त्याच्याकडे बघवेना. म्हणून माझा नियम असा: एका बैठकीत सहा लढाया. सहावी शेवटच्या चिमूटभर रक्तावर हरले तरी उठायचं. हातानं शिकलेली गोष्ट झोपेत पक्की होते, आणि आदल्या दिवशी चुकलेली लोळण दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत जमते याचा अनुभव तुम्हाला येईल. लढायला बसण्याआधी ऑर्डर डब्यात भरलेली हवी, शेगडी बंद हवी. मनगट दुखत असेल त्या दिवशी सुट्टी. भाकऱ्या थापणारा हात तुमच्या घराचं उत्पन्न आहे.

यजमानांना एकदा समोरासमोर सॉरी म्हणा. आणि मग ते लपवणं थांबवा. बेल वाजली की टीव्ही बंद करता, त्यात आपण काही वाईट करतोय ही कबुली तुम्हीच रोज देता. पुढे 'या वयात हे काय' असं कुणी म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर उरत नाही. आपल्या बायकांच्या दुपारला सिरियल चालते, भिशी चालते, विणकाम चालतं. तुमची दुपार मार्गिटची आहे, एवढंच. एकदा यजमानांना शेजारी बसवून लांडग्यांची लढाई दाखवा. जिंकायला बोलावू नका, नुसतं बघायला बोलावा.

लढाईत गेम थांबवायला साधं बटण नाही, ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर माझा तोडगा साधा आहे. धुक्याच्या दारात शिरण्याआधी सगळे रून्स ग्रेसवर लेव्हलसाठी खर्च करून टाकायचे. खिशात काही नसलं की मरण फुकट असतं. मग मार्गिटसमोर असताना बेल वाजली तर मरा आणि दार उघडा. वहीत त्यासाठी 'बेल' असा एक रकाना ठेवा.

हे पत्र छापायचं ठरवलं त्याला आणखी एक कारण आहे. मुलगा रिमोट आपटतो, अभ्यास सोडून तेच खेळतो, काय करू, असं लिहिणाऱ्या आया मला बऱ्याच भेटतात. त्यांना माझी विनंती आहे, 'बंद कर ते' म्हणायच्या आधी एकदा शेजारी बसून विचारा, "कशानं मेलास?" तो आधी चक्रावेल, मग सांगायला लागेल, आणि सांगता सांगता त्यालाही स्वतःची चूक दिसेल. सहा लढायांचा नियम त्यालाही लावता येतो, पण तो त्याच्याशी बोलून ठरवलेला असावा. झोप उडत असेल, जेवण सुटत असेल, कॉलेज बुडत असेल तर मात्र गेम काही आठवडे कपाटात गेला पाहिजे. तिथे मी मध्ये पडणार नाही.

शेवटी दिवाळी. तुम्हाला वाटतं, लेक येईल तेव्हा मार्गिट मेलेला असावा आणि त्यानं म्हणावं, आई, तू तर कमाल केलीस. पण तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात. आधी त्याचा फोन दोन मिनिटांत संपायचा. जेवलास का, झोप होते का, बरं ठेवते. आता अर्धा तास चालतो. हे पाच आठवडे तुम्ही हरत होतात म्हणून चालतो. पुण्याच्या खोलीवर बसून तो आईला लांडगे कसे बोलवायचे ते समजावतोय. तो कधी तुमच्याकडून शब्द शिकला, सायकल शिकला, आता तो शिकवतोय. ते त्याला किती आवडत असेल याचा अंदाज करा. मार्गिट दिवाळीआधी पडला तर छानच. नाही पडला तर फराळाचं ताट मध्ये ठेवून दोघं मिळून बसाल, एक फेरी तुमची, एक त्याची. आणि पडलाच तर काळजी नको, किल्ल्याच्या आत गॉड्रिक हा पुढचा बॉस आहे.

तर मग उद्या दुपारी. ऑर्डर भरली, शेगडी बंद, टीव्ही गेम मोडवर, रून्स खर्च केलेले. दोन आठवड्यांच्या सुट्टीआधी एकदाच पुलावर जा आणि तीन फेऱ्या तलवार चालवूच नका. एकही वार नाही. फक्त काठीकडे बघा, खाली यायला लागली की टिचकी, आणि किती वेळ जिवंत राहता ते मोजा. नंतर घोडा घेऊन दक्षिणेला निघा. दोन आठवड्यांनी परत आलात की नव्या पानावर रेघा ओढा, आणि कोणता रकाना सगळ्यात जास्त भरला ते मला कळवा. माझा अंदाज काठीचा आहे.